सीतेचा वाटा

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



"मालिकेतल्या बाईसाठी रडतेस, स्वतःसाठी कधी उभी राहणार?" असं आपण वस्तीतल्या बायकांना सहज विचारतो. या प्रश्नाबद्दल मला आज बोलायचंय.

जात्यावर बसलेली बाई आपलं गाऱ्हाणं कुणापुढे मांडणार? घर ऐकत असायचं. म्हणून तिनं सीतेचं नाव घेतलं. वाल्मीकींच्या रामायणात सीतेला वनात धाडलं जातं ते लोकापवादामुळे. आपल्या ओव्यांत मात्र कैकयी सासू तिला रावणाचं चित्र काढायला लावते आणि रामाचे कान भरते. बायकांनी रामायणात आपलं घर आणून बसवलं. वनात रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला बोरीबाभळी बायका होऊन आल्या, हेही त्यांनीच रचलं. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरची रुक्मिणी जनीवरून विठ्ठलाला जाब विचारते, तोही ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढ्या बायका उगीच गात नव्हत्या.

आज घरातलं जातं गेलं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना समोर टीव्ही चालू असतो. मुली आवडत्या नायिकेची गोष्ट मोबाइलवर पुढे लिहितात, तिचा शेवट बदलतात. मला तर ही जात्यावरचीच रीत वाटते.

पण एका ओवीपाशी मी अडते. तिच्यात सीता आपला सासुरवास साऱ्या बायकांना थोडा थोडा वाटून देते. त्यानं एकटेपणा कमी होतो, हे खरं. 'सीतेला चुकला नाही, मला कसा चुकेल?' असं म्हणत मार सोसायचं बळही त्यातूनच येतं. हा वाटा नाकारता येतो, हे आपण सांगायला हवं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा समजावून झाल्यावर "नवरा मारतो का?" असं चारचौघींत विचारलं, की बाई गप्प होते. त्याऐवजी तिच्या आवडत्या नायिकेबद्दल विचारा: तिनं काय करायला हवं होतं? कुणाकडे जायला हवं होतं? बाई बोलू लागते. मग सावकाश, एकटीला भेटून, तिचं स्वतःचं विचारा. आणि कायद्याचा कागद तेव्हा पुढे करा.