रेल्वे अपघात : भरपाई हा हक्क आहे
(कामरेज येथील सभेतील भाषण)



सुरत-भुसावळ मार्गावर आपली पिढ्यान्‌पिढ्या ये-जा. गर्दीत गाडीतून पडून कुणी जायबंदी झाला, की आपण नशिबाला बोल लावून गप्प बसतो. रेल्वे कायद्याचे कलम १२४-अ सांगते, रेल्वेची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते. आत्महत्या, नशा, गुन्हा, आजार हे अपवाद. २०१७ पासून मृत्यूला ८ लाख, जखमेला तक्त्यानुसार.

तिकीट हरवले तरी दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीनादेवी खटल्यात म्हटले. मात्र प्रवासाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अर्ज अहमदाबादच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, वर्षाच्या आत.

बँकेतला माणूस म्हणून सांगतो, कागद जपा : पोलीस नोंद, दवाखान्याची फाईल. आणि मते मागायला येणाऱ्यांना विचारा, जखमींचे अर्ज भरायला तुमचा कोण बसतो?