कॅमेऱ्याआधी प्रश्न हवा

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शालेय प्रकल्पांसाठी चित्रीकरणाचा उपयोग कसा करावा, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. या विषयातील माझी पात्रता एवढीच की, मी तो उपयोग प्रथम चुकीच्या रीतीने केला. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी ‘आमच्या गावातील आणीबाणी’ हा प्रकल्प घेतला. १९७५च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहात कारावास भोगलेले एक वृद्ध कार्यकर्ते शाळेजवळच राहत असत. मुले उत्साहाने त्यांच्याकडे गेली. तासभर चित्रीकरण झाले. शाळेत येऊन पाहतो तो काय, डोक्यावरील पंख्याच्या घरघरीत त्यांचा क्षीण आवाज पार बुडून गेलेला! ‘परीक्षा झाली की पुन्हा जाऊ,’ असे मी मुलांना सांगितले. परीक्षा संपण्यापूर्वीच ते निवर्तले.

त्या चित्रफितीत स्पष्ट ऐकू येत होते ते केवळ मुलांचे प्रश्न. आणि ते मी लिहून दिलेले होते. ‘देशासाठी तुरुंगात जाताना आपणांस अभिमान वाटला ना?’ या प्रश्नाला ‘हो’ यावाचून दुसरे कोणते उत्तर येणार? पंखा बंद केला असता, तरी आमच्या हाती फारसे काही लागले नसते. ‘त्या दिवशी घरून निघताना आई काय म्हणाली?’ एवढाच प्रश्न विचारला असता, तर एक संपूर्ण काळ बोलका झाला असता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कॅमेऱ्याआधी प्रश्न हवा, आणि तो विद्यार्थ्याचा स्वतःचा हवा. आज घरोघरी मोबाईल आहे. यंत्राचा अभाव ही सबब उरलेली नाही. उणीव आहे ती निरीक्षणाची.

या बाबतीत आपल्याच मातीतील एक उदाहरण पाहा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत तयार केली. ती पाहूनच त्यांना पुढील कार्यासाठी भांडवल मिळाले. पाचवीच्या विज्ञानाचा याहून उत्तम प्रकल्प कोणता असू शकेल? कुंडी एकाच जागी ठेवावी, मोबाईलची जागा खडूने आखून घ्यावी आणि रोज त्याच वेळी एक छायाचित्र टिपावे. महिन्याने ती छायाचित्रे सलग पाहिली, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वाढ दिसू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलाच्या अंगी नित्यनेम येतो. एक दिवस चुकला, तर तो चित्रफितीत दिसतोच.

आता थोडे व्यवहाराचे. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने चित्रण करावे, तिसऱ्याने आवाजाकडे लक्ष द्यावे, चौथ्याने नोंदी ठेवाव्यात आणि पाचव्याने संकलनाची जबाबदारी घ्यावी. पुढच्या वेळी कामे बदलावीत. वर्गात कधी तोंड न उघडणारे मूल संकलनात सर्वांच्या पुढे असलेले मी पाहिले आहे. अर्ध्या तासाच्या चित्रणातून तीन मिनिटांचे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरविताना मुलांमध्ये जो वाद होतो, तोच खरा अभ्यास होय. मात्र मूळ चित्रण पुसू नये. त्यावर दिनांक, गाव आणि विषय लिहून दोन ठिकाणी जतन करावे.

स्मृती ही आदरणीय असली, तरी ती तपासावी लागते. सांगणारे आजोबा म्हणतात, ‘तेव्हा नुकतीच दिवाळी झाली होती.’ विद्यार्थ्याने जुने पंचांग काढून पाहावे, त्या काळची वृत्तपत्रे चाळावीत. तफावत आढळल्यास ती लपवू नये, नोंदवावी. आपल्याला प्रिय असलेल्या इतिहासाचीही अशी परीक्षा घेणारा विद्यार्थीच उद्या त्या इतिहासाचे समर्थन समर्थपणे करू शकेल.

पालकांना एक विनंती आहे. प्रकल्प मुलांचा आहे, तो मुलांनाच करू द्या. सफाईदार पण वडिलांनी रात्री जागून जुळविलेल्या चित्रफितीपेक्षा, हात थरथरलेली परंतु मुलाने स्वतः केलेली चित्रफीत मोलाची. आणि ती लगोलग समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरा. ज्यांचे चित्रण केले, त्यांना ती प्रथम दाखवून त्यांची संमती घ्यावी. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. टाळ्यांच्या संख्येसाठी केलेला प्रकल्प मुलाला प्रदर्शन शिकवितो, अध्ययन नव्हे.

बंधुभगिनींनो, १९५५ सालच्या गोवा सत्याग्रहात विशीत असलेला तरुण आज नव्वदीच्या घरात आहे. आणीबाणीत विशीत असलेले सत्याग्रही सत्तरी ओलांडून गेले आहेत. यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात येणार नाहीत. त्यांनी काय सोसले, हे त्यांच्या घरच्यांनीही अनेकदा विचारलेले नसते. आपल्या आळीतही अशी एखादी व्यक्ती असेल. येत्या सुटीत प्रत्येक वर्गाने अशा एका घरी जावे, एवढेच माझे मागणे आहे. जाताना पाया पडावे, पंखा बंद करावा, एक प्रश्न विचारावा आणि मग स्वस्थ बसून ऐकावे. परीक्षा झाल्यावर जाऊ, असे मात्र म्हणू नये.