रात्री कितीदा उठता?



पत्रिकेवर 'प्रोस्टेटची वाढ' हा विषय वाचून मागच्या रांगांत खसखस पिकली. हसा, पण घरी गेल्यावर बोला. बाईमाणूस गुडघा दुखला तरी सांगते. पुरुष लघवीचं नाव काढत नाही, आणि त्या मौनात मूत्रपिंडं जातात. मी आज एवढंच सांगायला आलोय.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते, हे तुम्हाला माहीत आहेच. वयाबरोबर ती वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. १९८४च्या जानेवारीत इथल्या जासईच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या शेतकरी आंदोलनात पंचविशीतले जे तरुण पोलिसांसमोर उभे राहिले, ते आज पासष्टी ओलांडून गेलेत. त्या दिवसांविषयी मी तुम्हाला काय सांगणार! पण गोळीबाराला न डरलेला माणूस 'धार बारीक झाली' हे डॉक्टरला सांगायला का लाजतो? (पुढच्या रांगेतल्या एक ताई : "आमचे रात्री चारदा उठतात आणि चहाला दोष देतात!" मोठा हशा.) ताई, तुम्ही माझं अर्धं व्याख्यान केलंत. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, एकदम घाई होणं, झाल्यावर थेंब गळणं ही त्याच घरातली भावंडं.

एका ट्रेलर ड्रायव्हरचं सांगतो. वय साठीच्या आसपास. न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत गाडी सोडता येत नाही म्हणून दिवसभर लघवी दाबली. सर्दी होती, दुकानातून गोळी घेतली. संध्याकाळी दोन पेग घेतले. मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबली. पोटाचा फुगा आणि माणूस कळवळतोय. नळी घातल्यावर लिटरभर लघवी निघाली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतली औषधं मूत्राशयाची ताकद कमी करतात किंवा त्याचं तोंड आवळतात. दाबून ठेवणं आणि दारू यांनी भर पडते. त्याला वर्षभर त्रास होता. बायकोलाही माहीत नव्हतं! रांगेत उभ्या ड्रायव्हरांना स्वच्छ शौचालय हवं, हेही मी इथेच ठणकावून सांगतो.

कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर ऑपरेशनलाच नेतात." नाही हो. अनेकांचं गोळ्यांवर भागतं. टॅमसुलोसिनने काही दिवसांत धार सुधारते. फिनास्टेराइडने ग्रंथी आक्रसते, पण त्याला सहा महिनेही लागतात. शस्त्रक्रिया लागलीच तर बहुधा मूत्रमार्गातून, दुर्बिणीने होते. आणि ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. म्हणून या वाढीने होणारा जंतुसंसर्ग, मूत्राशयातले खडे, लघवीतून रक्त यांची नुसती नावं घेतो आणि सर्वांत घातक तेवढं सांगतो. काहींची लघवी हळूहळू तुंबते, दुखत नाही. टाकी भरून वाहावी तशी ती कपड्यात गळते, आणि माणूस समजतो की लघवी होतेय. मागे साचलेल्या दाबाने मूत्रपिंडं फुगतात, निकामी होतात.

म्हणून पन्नाशीपुढच्या ज्यांना असा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरला भेटून मूत्रपिंडांचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी करून आल्यावरची सोनोग्राफी यांविषयी विचारावं. बायकांनो, रात्री कितीदा उठतात ते मोजा. आणि लघवी पूर्ण बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.