साथीचा कायदा आणि माणसाची संमती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



साथीच्या रोगांचा जो कायदा या देशात चालत आला, तो १८९७ सालचा. मुंबईत प्लेग शिरला, परदेशी बंदरे इथल्या मालाला बंद होतील या धास्तीने व्यापारी जग हादरले, आणि सरकारने चार कलमांचा कायदा घाईने संमत केला. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, ते मोडणाऱ्यास शिक्षा आणि सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्यास अभय, एवढाच त्याचा ऐवज. रोग्याला काय सांगावे, त्याने नकार दिला तर काय करावे, याविषयी त्यात अवाक्षर नाही.

पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि पुढे रँडचा वध झाला, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्याआधीची एक हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतील सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी त्यांची धारणा होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याला कधी कोणी काही समजावून दिले नाही, त्याच्यापाशी अफवेखेरीज दुसरी कोणती माहिती असणार? पुण्याजवळ हडपसर भागात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. रोग्यांना दवाखान्यात त्यांनीही आणले, पण संगिनीवाचून.

यावरून ‘ज्याचे शरीर त्याची मर्जी’ एवढ्यावर थांबणे समाजवादी विचाराला परवडणारे नाही. संसर्ग ही खासगी मालमत्ता नव्हे. दाटीच्या चाळीत एकाच्या नकाराची किंमत शेजारचे तान्हे मूल मोजते. देवीचा रोग १९७५ साली या देशातून गेला तो लसीमुळे. आणि अखेरच्या मोहिमेत काही ठिकाणी बळजबरीही झाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पुढच्याच वर्षी काय घडले? १९७६-७७ मध्ये सुमारे ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद शहा आयोगाच्या अहवालात आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अडले. नसबंदी न केल्याने शेजाऱ्याला कोणता रोग जडत होता? ‘लोकहित’ हा शब्द उच्चारला की असले प्रश्न विचारायचे नसतात, ही सवय तेव्हापासून अंगवळणी पडली.

करोनाच्या काळात सक्तीने वेगळे रूप घेतले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन मात्रा घेतलेल्यांनाच खुली झाली. कोणाचा दंड धरून सुई टोचली नाही, हे खरे. पण विरार किंवा बदलापूरहून रोजीसाठी येणाऱ्या माणसाला लोकल नाकारणे आणि मोटारवाल्याला ती नाकारणे, ही एकच गोष्ट आहे काय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस घेण्याची बळजबरी कोणावरही करता येणार नाही असे सांगितले. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण त्यांना कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, असेही म्हटले. कसोटी योग्य आहे. मात्र निकाल आला तेव्हा कित्येकांचे बुडालेले रोज परत येण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, लसीनंतर दगावलेल्या मुलींच्या पालकांच्या याचिकेवर, केंद्र सरकारने न्यायालयात सांगितले की लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती आणि भरपाईसाठी सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही. असे मृत्यू फारच विरळ, हे मान्य. म्हणूनच तर भरपाईचा बोजा सरकारला पेलण्याजोगा आहे. सर्वांच्या हितासाठी एकाने जोखीम उचलायची आणि ती फळली की त्याच्या घरच्यांनी एकट्याने निस्तरायची, याला सामाजिक न्याय म्हणत नाहीत.

१८९७ चा कायदा अपुरा आहे, असे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६व्या अहवालात म्हटले. नव्या मसुद्याची चर्चा जेव्हा होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा: लसीची आणि औषधाची माहिती रोग्याच्या भाषेत, दुष्परिणामांसह, विलगीकरणाच्या दिवसांची मजुरी, इजा झाल्यास दोष सिद्ध करावा न लागता भरपाई, आणि प्रत्येक निर्बंधाच्या आदेशावर त्याच्या समाप्तीची तारीख.