नंबर कपड्याचा, अंग आपलं



हळदीचे नाहीतर कापसाचे पैसे हातात आले, सण जवळ आला, की आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात सेनगावात काय, वसमतेत काय, मोबाइलवरून कपडे मागवले जातात. पार्सल येतं. मुलगी हौसेनं कुर्ता घालून बघते, तर बाही दंडात अडकते. खांदे बरोबर बसले तर छातीवर ताण येतो, छाती बसली तर खांदे लोंबतात. आणि आरशासमोरून हटताना ती म्हणते, "मी लई जाड झाले." कुर्त्याचं काही चुकलं असेल, असं तिच्या मनातही येत नाही. तिच्या त्या एका वाक्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्या आज्यांच्या लुगड्याला नंबर नव्हता. नऊ वार कापड. लग्नात तेच, बाळंतपणानंतर तेच, अंग सुकलेल्या म्हातारपणीही तेच. निऱ्या कमीजास्त झाल्या की काम भागलं. खणाच्या चोळीला पुढं गाठ असायची, ती जरा सैल बांधली की झालं. पुरुषाचं धोतर, डोक्याचा पटका, यांचंही तसंच. पुढं झंपर आला आणि त्याच्यासोबत शिंप्याची टेप आली. पण टेप लागायची ती ज्याचा कपडा त्याच्याच अंगाला, आणि शिलाईत आत माया सोडलेली असायची. वर्षभरानं उसवून पुन्हा टीप मारली, की तोच झंपर बसायचा. आपल्या हिंगोली जिल्ह्याला तर या कामाचा मोठा वारसा आहे. नरसीचे संत नामदेव शिंपी कुळातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात त्यांनी गज, कातर, सुई, दोरा ही आपल्या धंद्याची हत्यारं थेट भक्तीच्या कामाला लावली आहेत.

मग हे स्मॉल, मीडियम, लार्ज, हे ३८ आणि ४० आले कुठून?

सुरुवात सैन्यापासून झाली. हजारो शिपायांना एकदम गणवेश द्यायचा, तर प्रत्येकाचं माप कोण घेणार? अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. त्यात शिपायांची मापं गोळा झाली, आणि छातीचं अमुक माप असेल तर कंबर साधारण अमुक निघते, असे ठोकताळे बसले. पुरुषांचे तयार कपडे त्यावर उभे राहिले.

बायकांच्या मापांना पुढं पाऊणशे वर्षं लागली. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. काम प्रचंड होतं, पण एक गोष्ट नीट ऐका. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. काळ्या किंवा इतर वर्णांच्या बायकांची मापं घेतली असली तरी ती बाजूला ठेवली गेली. पुढं टपालानं कपडे विकणाऱ्या कंपन्या सरकारकडं गेल्या, कारण न बसलेले कपडे परत येऊन त्यांना तोटा होत होता. आज आपल्याकडं पार्सल परत जातं, तीच ही अडचण. त्यातून १९५८ साली अमेरिकेनं बायकांच्या कपड्यांचे अधिकृत नंबर ठरवले.

तेही टिकले नाहीत. १९५८ च्या त्या तक्त्यात ८ नंबरची कंबर साडेतेवीस इंच होती. आज अमेरिकेत ८ नंबर म्हणून जो कपडा मिळतो, त्याची कंबर त्याहून कितीतरी इंच मोठी असते. गिऱ्हाइकाला लहान नंबर बसला की तिला बरं वाटतं आणि ती कपडा घेते, हे दुकानदारांनी ओळखलं. कापड वाढत गेलं, नंबर तोच राहिला. १९८३ मध्ये सरकारनं तो तक्ताच काढून घेतला. देश बदलला तरी नंबर बदलतो: इंग्लंडचा १२ म्हणजे अमेरिकेचा साधारण ८ आणि फ्रान्सचा ४०. बाई तीच, अंग तेच. आता सांगा, यातल्या कोणत्या आकड्यावरून तिनं स्वतःला जाड किंवा बारीक म्हणायचं?

स्पेन देशानं या बाबतीत जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. २००६ साली माद्रिदच्या फॅशन सोहळ्यात फार कृश मॉडेलना मंचावर यायला मनाई झाली. उंची पावणेसहा फूट असेल आणि वजन ५६ किलोहून कमी, तर मंचावर जागा नाही. पुढच्या वर्षी तिथल्या आरोग्य मंत्रालयानं झारा, मँगो अशा मोठ्या कंपन्यांशी करार केला, की दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचा नंबर ३८ पेक्षा लहान नसेल. मग १२ ते ७० वर्षांच्या दहा हजारांहून जास्त मुली-बायकांची मापं घेतली गेली. त्यातून अंगाच्या तीन ठेवणी समोर आल्या, आणि त्यांना नावं दिली डमरू, नळकांडं आणि घंटा. जाहिरातीत दिसायची ती एकटी डमरूसारखी. हे काम आरोग्य खात्यानं केलं, याकडं लक्ष द्या. कारण न बसणाऱ्या कपड्यापायी उपाशी राहणाऱ्या मुली तिथल्या दवाखान्यात पोचत होत्या.

सौंदर्याचा साचा आपल्याकडं नव्हता, असं मात्र मी म्हणणार नाही. औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघा: भरलेली छाती, मूठभर कंबर, रुंद नितंब. तोही शिल्पकारानं घडवलेला आदर्शच. त्या काळी शेतात राबणारी बाई तशी नसणार. आपल्या घरांत कालपर्यंत "अंगानं भरलेली" सून हवी होती आणि बारीक मुलीला हडकुळी म्हणून हिणवत होते. आज स्थळांच्या जाहिरातीत सडपातळ लागते. आदर्श उलटा झाला, पण मुलीला घालूनपाडून बोलणं थांबलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माणसाला साच्यात न मोजताही बघता येतं. न्यूयॉर्कमध्ये बिल कनिंगहॅम नावाचे छायाचित्रकार होते. २०१६ साली ते गेले. अंगात कामगाराचं निळं जाकीट घालून सायकलवरून फिरायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचे कपडे टिपायचे. माणूस नामवंत आहे की नाही, ते बघायचे नाहीत. त्यानं कपडा कसा वागवलाय, ते बघायचे. असा डोळा घेऊन हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर फिरा. जीन्सवर कुर्ता घातलेली कॉलेजची मुलगी, आरसे-कवड्यांची कांचळी घातलेली तांड्यावरची बंजारा आजी, पांढरी टोपी सावरणारे आजोबा. बंजारा बाईची कांचळी तर तिच्याच अंगाच्या मापानं हातानं शिवलेली असते, म्हणून ती इतकी चपखल बसते.

आपल्या देशाचे स्वतःचे नंबर असावेत म्हणून केंद्राचं वस्त्र मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, यांनी 'इंडिया साइज' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं यंत्रानं घ्यायची, अशी ही योजना होती. चांगलं काम आहे. माझी मागणी एवढीच, की शहरांबरोबर खेड्यांतलीही अंगं मोजा. खुरपणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड कामानं घडलेले असतात. ते तक्त्यात आले नाहीत, तर तिच्या मुलीची बाही पुढंही अडकत राहील.

तोवर आपल्याला एक करता येईल. घरात टेप ठेवा. छातीचं माप सर्वांत भरलेल्या भागावर घ्या, कंबरेचं सर्वांत बारीक जागी, नितंबाचं सर्वांत रुंद जागी, आणि दंडाचा घेर विसरू नका. टेप ताणू नका, आणि पोट आत ओढून माप घेऊ नका. आकडे इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्हींत लिहा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मागवताना एम का एल हे बघू नका, खाली दिलेला मापांचा तक्ता उघडा. तिथं माप अंगाचं दिलंय की कपड्याचं, ते वाचा. कपड्याचं असेल तर कुर्त्याला छातीवर दोन-तीन इंच जास्त धरा. दोन नंबरांच्या मधे अडकलात, तर मोठा घ्या. मोठा कपडा गावातल्या शिंप्याकडून आत घेता येतो, लहान कपड्याला माया कुठून आणणार?