जुनी विमानं, नव्या चिपा

अमेरिकेचं शेवटचं बी-५२ बॉम्बर विमान १९६२ साली तयार झालं, आणि ही विमानं आजही उडताहेत. सांगाडा टिकतो, रडारमधली चिप मात्र काही वर्षांतच बाजारातून नाहीशी होते. मग जुन्याच खाचेत बसणारा, तेवढ्याच विजेवर चालणारा, उष्णता आणि हादरे सोसणारा नवा भाग हवा असतो. मागणी मोजक्या नगांची, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. इथे लहान उद्योग कामी येतात. अमेरिकेतल्या १९८२च्या कायद्याने मोठ्या सरकारी खात्यांच्या बाह्य संशोधन-निधीतला ठरावीक वाटा त्यांच्यासाठी राखला. २०१७पासून तो किमान ३.२ टक्के झाला.

यावर आक्षेप असा, की या निधीतून होणारे कितीतरी प्रयोग फसतात. फसतात खरे, पण योजनेच्या तीन टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यात थोडक्या रकमेत फक्त कल्पना तपासली जाते, म्हणून अपयश स्वस्तात कळतं. दुसऱ्या टप्प्यात नमुना घडतो. खरी मेख तिसऱ्या टप्प्यात आहे. तिथे राखीव निधी थांबतो, आणि तयार भाग विमानात बसवायला पैसा दुसरीकडून आणावा लागतो. तेव्हा संशोधनाला पैसा देतानाच खरेदीची वाटही आखून ठेवायला हवी.