सिंहांचे शेजारी



समितीने मला निरोप दिला, "तू केनियाला जाऊन आलीस ना, मग सिंहांवर दहा मिनिटं बोल. पण फोटो दाखवू नकोस, जेवणं खोळंबतात." फोटो घरी ठेवून आले आहे. तोंडीच सांगते.

मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तासांवर. तिथून मोटारीने पाच-सहा तास गेलं की मसाई मारा. केनियाच्या नैर्ऋत्येला, टांझानियाच्या सीमेला लागून असलेलं हे सुमारे १५०० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र. सीमेपलीकडचं सेरेंगेटी याच्या जवळपास दहापट. ही सीमा प्राण्यांना ठाऊक नाही. दहा लाखांवर विल्डबीस्ट आणि दोनेक लाख झेब्रे हिरव्या गवताच्या मागे वर्षभर फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांतले बरेच मारात येतात. 'मारा' म्हणजे मसाई लोकांच्या भाषेत ठिपकेदार. टेकडीवरून पाहिलं की पिवळ्या गवतावर झाडाझुडपांचे ठिपके दिसतात, आणि नाव पटतं. तिथल्या स्वाहिलीत सिंह म्हणजे 'सिंबा', मोटार म्हणजे 'गारी' आणि चहा म्हणजे 'चाय'. आमचं निम्मं काम तिथेच झालं.

पहिला सिंह दिसला तो झोपलेला. दुसराही झोपलेला. तिसऱ्याने जांभई दिली, तर गाडीत केवढा आनंद! सिंह दिवसाचे वीसेक तास नुसता पडून असतो. आपण पाठ केलेल्या निबंधातला 'वनराज' मला तिथे फारसा भेटला नाही. कळप चालतो तो माद्यांचा. आजी, मावश्या, मुली एकत्र राहतात आणि शिकारीचा बराचसा भारही त्याच वाहतात. नर पिल्लं दोन-तीन वर्षांची झाली की त्यांना घर सोडावं लागतं. दुसरे नर येऊन कळप ताब्यात घेतात, तेव्हा आधीची लहान पिल्लं बहुधा मारली जातात. निम्म्याहून अधिक छावे मोठे होतच नाहीत.

एका सकाळी तीन सिंहिणी झेब्र्यांच्या मागावर होत्या. पाऊण तास त्या गवतात पोट टेकवून इंच इंच सरकत होत्या. वारा फिरला, एका झेब्र्याने मान वर केली आणि क्षणात सगळा कळप उधळला. सिंहिणी उठल्या आणि मुकाट्याने सावलीत जाऊन बसल्या. जॉर्ज शॅलर या संशोधकाने १९६६ पासून तीन वर्षं सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास केला. त्याच्या नोंदींतही बहुतेक शिकारी फसलेल्याच आहेत. उपाशी राहण्याची पाळी सिंहावर वरचेवर येते. आणि मग त्याला गाय दिसते. मला खरं बोलायचंय ते या गायीबद्दल.

आमचा गाइड मसाई होता, तिशीतला. मी त्याला विचारलं, "लहानपणापासून सिंह बघायला मिळाले, किती भाग्य!" तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही सिंह दिसावा म्हणून पहाटे उठता. मी सिंह येऊ नये म्हणून रात्रभर जागायचो." मसाईंचं सगळं धन गुरांत. लग्न, देणंघेणं, औषधपाणी, मुलांची फी, सगळं गुरांवर. माराला चहूबाजूंनी कुंपण नाही आणि केनियातले निम्म्याहून अधिक वन्यजीव उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनींवर वावरतात. रात्री काट्यांच्या कुंपणावरून सिंह आत आला आणि दोन गायी गेल्या, तर त्या घराने काय करायचं? काही जण मेलेल्या गायीवर कीटकनाशक टाकून ठेवतात. मग सिंह मरतात, तरस मरतात आणि गिधाडं तर थव्याने मरतात. टीव्हीवरच्या मालिकांमुळे जगभर माहीत झालेल्या माराच्या 'मार्श प्राइड' कळपातले सिंह डिसेंबर २०१५ मध्ये असेच विषबाधेने गेले.

आता एका शाळकरी मुलाची गोष्ट सांगते. आपल्या सरांना आणि बाईंना ती आवडेल. नैरोबी शहराला खेटूनच एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या कडेला रिचर्ड तुरेरे नावाचा मसाई मुलगा राहायचा. नऊ वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या गुरांची राखण त्याच्याकडे. सिंह यायचे. त्याने आग पेटवून पाहिली, तर त्या उजेडात सिंहांना गोठा अधिकच नीट दिसला. बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परत गेले, दुसऱ्या रात्री त्यांनी ओळखलं की हे हलत नाही. मग एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला, तर सिंह आलेच नाहीत. म्हणजे त्यांना हलणाऱ्या उजेडाची भीती वाटते! त्याने गाडीची जुनी बॅटरी, सौर पट्टी, मोटारसायकलचा इंडिकेटर आणि मोडक्या टॉर्चचे दिवे जोडून आळीपाळीने लुकलुकणारी माळ तयार केली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गोठा वाचला. शेजारच्या आजीने तिच्याकडेही लावून मागितली, मग इतरांनी. २०१३ मध्ये 'टेड'च्या व्यासपीठावर त्याने ही हकिगत जगाला सांगितली. आधी सिंहांचा राग यायचा, हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं.

दुसरा उपाय मोठ्यांनी काढला. माराच्या भोवती मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून त्या वन्यजीवांसाठी राखल्या आणि पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिल्या. त्यांना 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. जमीन त्यांचीच राहते आणि भाडं घरी येतं. ठरवून दिलेल्या भागात गुरंही चरतात. गाय गेल्याचं दुःख याने संपत नाही. पण सिंह जिवंत राहण्यात त्या घराचाही काही फायदा उरतो.

हे फक्त तिकडचं नाही. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. त्यांतले कितीतरी शेतं आणि गावं यांच्या आसपास राहतात. आणि आपल्या जुन्नरकडचा उसातला बिबट्या? तिथे तर गुरांबरोबर माणसांचाही जीव जातो. पुण्या-मुंबईत बसून "बिबट्याला त्रास देऊ नका" असं म्हणणं सोपं आहे. त्या वाडीवर संध्याकाळी पोराला बाहेर सोडताना आईच्या पोटात काय होत असेल, तेही आपण ऐकलं पाहिजे.

आपल्यातले बरेच जण आता निवृत्त झालेत आणि माराला जायचे बेत ऐकू येतात. जरूर जा. पिवळ्या तापाची लस विसरू नका. गाडी सिंहाच्या अगदी जवळ न्यायला ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आणि राहायची जागा ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: आमच्या पैशांतलं काही इथल्या गुराख्याच्या घरी पोहोचतं का? दर दोन पैसे जास्त पडला तरी तीच जागा घ्या. सिंह आपल्याला चार दिवस दिसतो. त्याचा शेजार बाराही महिने ते लोक सांभाळतात.

समितीने घड्याळ दाखवलं आहे.